गच्चीवरची वकिलात

तांब्याच्या काठावर पळी टेकल्याचा बारीक टणत्कार, मागोमाग ओल्या पंच्याचा वास आणि समोरच्या इमारतीच्या टाकीवरून घरंगळत येणारं कोवळं ऊन: रेवा, ईशान, तुमच्या आजोबांची सकाळ या तीन गोष्टींनी उजाडे. त्या उन्हात ते तुळशीपुढे उभे राहिले की कृश पाठीवरची जानव्याची तिरपी रेघ जुन्या कागदावरच्या घडीसारखी दिसे.

जुन्या कागदांशीच त्यांचं नातं होतं. चाळीस वर्षं त्यांनी मोडी लिपीतली दफ्तरं वाचली. परिणामी देहाने ते वारज्यात चौथ्या मजल्यावर राहत आणि मनाने पेशवाईत; भाजी आणण्यापुरते तेवढे या काळात येत. ऋतूसुद्धा त्यांचे वेगळे होते. पावसाळा म्हणजे छावणी. मोहीम काढायची नाही. त्यामुळे जूनपासून दातांच्या डॉक्टरांकडे जाणं, बँकेत सही करणं, पंखा पुसणं ही सर्व कामं तुंबून राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन झाल्यावरच मार्गी लागत.

रेवा, तू एडिंबरोहून थाईमच्या बियांचं पाकीट पाठवलंस तेव्हा संक्रांत नुकतीच झाली होती. बिया कसल्या, खसखशीने टाकलेला उसासा. "डिसेंबरात येईन तेव्हा तुझ्या गच्चीवरचा थाईम खाईन," असं तू फोनवर म्हणालीस आणि मी "हो" म्हटलं. जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवलेल्या बाईचं "हो" म्हणजे सहीशिक्क्याचा कागद. शिवाय तू तीन वर्षांनी येणार होतीस. इतक्या लांबून आलेल्या नातीला रिकामी कुंडी दाखवणं मला सोसलं नसतं. पाकिटावरच्या सूचना मी पाठ केल्या, बिया तीन वाट्यांत विभागल्या, पहिली कुंडी तुळशीशेजारी ठेवली आणि नोंदींसाठी एक वही सुरू केली.

"हे कोण?" आजोबांनी विचारलं.

"थाईम. वासाने ओव्याचा नातलग."

"घरात ओवा असताना नातलग कशाला?" मग ते म्हणाले, "इंग्रजांच्या वकिलाला पेशव्यांनी जागा दिली ती गावाबाहेर, संगमावर. शनिवारवाड्याशेजारी नव्हे."

वकील म्हणजे त्या काळचा परराष्ट्राचा दूत. त्यांनी कुंडी उचलली आणि गच्चीच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीपलीकडे, जिथे दुपारचं ऊन भाकरीच्या तव्यासारखं तापतं तिथे नेऊन ठेवली. तेव्हापासून आमच्या घरात त्या कोपऱ्याला संगम म्हणतात.

रोप आलं. हिरवं धुकं मातीवर बसावं तसं आलं आणि महिन्याभरात बुडापासून काळं पडून कुजलं. चैत्रात दुसरी कुंडी लावली. तिचीही तीच गत. मी एक दिवसाआड एक वाटी पाणी घालत होते, घातलं की वहीत वेळेसह नोंद करत होते, तरी माती सदा ओलीच. टाकी गळते म्हणून प्लंबर बोलावला. टाकी ठणठणीत होती. अखेर कुंडी पिशवीत घालून मार्केट यार्डाजवळच्या एका रोपवाल्याकडे गेले.

त्याने मातीत बोट खुपसलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आजी, हे रोप आहे, गणपती नाही. बुडवता कशाला?"

मी वही पुढे केली.

"वही छान आहे," तो म्हणाला. "आता तीच लावा कुंडीत."

गणपती उठल्यावर मी शेवटची वाटी पेरली. आता चुकलं तर पाकिटात फक्त सूचना उरणार होत्या. रोपं नखाएवढी झाली तोवर नवरात्र आलं, आणि एका सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर वर गेले. तुळशीला अर्घ्य देऊन झालं होतं. आजोबा तांब्या घेऊन संगमाकडे चालले होते, सावकाश, दरबारातून निघालेल्या माणसाच्या अदबीने. ते वाकले. तांब्यातलं उरलेलं सगळं पाणी त्यांनी कुंडीत ओतलं आणि हळूच म्हणाले, "घ्या रावसाहेब. संकोच करू नका."

"अहो!"

ते दचकले नाहीत. पाठ सरळ करून म्हणाले, "पूजेचं उरलेलं पाणी मोरीत ओतू?"

"तुळशीला घाला ना!"

"ती पिऊन बसली आहे."

"म्हणजे रोज? जानेवारीपासून?"

"दारी आलेल्याला कोरडं ठेवायची आपल्याकडे रीत नाही."

"तुम्हीच तर त्याला गावाबाहेर काढलंत!"

"राजकारण वेगळं," ते म्हणाले, "पाहुणचार वेगळा."

मला हसू येत होतं आणि रडूही. "अहो, शेवटच्या बिया आहेत या. रेवा येणार आहे. मी तिला हो म्हटलंय."

 पराभूत सरदाराने तलवार ठेवावी तसा त्यांनी तांब्या कठड्यावर ठेवला.

त्याच दिवशी तह झाला. वहीत दोन रकाने: एक माझा, एक त्यांचा. पाणी फक्त गुरुवारी आणि तेही मी घालायचं. त्यांनी रोज सकाळी आपल्या रकान्यात पाणी घातलं की नाही ते लिहायचं. त्यांनी लिहिलंही, पण मोडीत. शेवया वाळत घालाव्यात तशी ती लांबलचक, एकमेकींत गुंतलेली अक्षरं. मला त्यातलं ओ की ठो कळेना.

"अहो, घातलं की नाही?"

"लिहिलंय ना."

पुढचं तुला ठाऊक आहे, रेवा. डिसेंबरात संगमावर थाईम कुंडीच्या काठावरून ओसंडत होता. पूर्वीच्या दोन्ही कुंड्यांना आजोबांच्या पाण्याने मारलं आणि तिसरीला त्यांनीच दिलेल्या त्या रखरखीत कोपऱ्याने जगवलं. तू कात्रीने चार काड्या कापल्यास, थालीपिठावर पानं भुरभुरवलीस. आजोबांनी घास बराच वेळ चावला. "बरं आहे," ते म्हणाले. "ओवा अधिक बरा." दुसऱ्या दिवशी पिठल्यावर त्यांनी आपण होऊन तीन पानं टाकली. ती मी पाहिली नाहीत, असं आम्ही दोघांनी न बोलता ठरवलं.

पुढच्या श्रावणात ते गेले. पावसाळ्यात मोहीम काढायची नाही, हा नियम त्यांनी आयुष्यात एकदाच मोडला.

या वर्षी मी त्यांच्या कपाटातली मोडीची बाराखडी काढली. रोज सकाळी एक तास, दुरेघी वहीत. चार महिने लागले. मग मी पाण्याची वही उघडली आणि त्यांचा रकाना, लहान मुलासारखी अक्षरावर बोट ठेवून, वाचला. 'आज पाणी घातले नाही. घालावेसे वाटले.' दुसऱ्या दिवशी: 'घातले नाही. रावसाहेब पाहत होते.' आणखी खाली: 'घातले नाही. रेवा येण्यास एकोणीस दिवस.' मग अठरा. मग सतरा. मला वाटत होतं, दिवस मी एकटीच मोजते आहे.

आता तुळशीला पाणी मी घालते. तांब्यात थोडं उरतं, पाय आपोआप टाकीपलीकडे वळतात, आणि मी त्यांना परत फिरवते. मग खाली येऊन त्यांच्या रकान्यात, माझ्या वाकड्या मोडीत, लिहिते: 'आज घातले नाही. घालावेसे वाटले.' काळ सगळं कोरडं करत जातो म्हणतात. आमच्या गच्चीच्या त्या टोकाला मात्र न घातलेल्या पाण्याची ओल अजून टिकून आहे.