मास्तरांची फुंकर

"माझ्या हातचं रक्त कधी नासत नाही," मास्तर सांगायचे, आणि कोणी हो म्हणायच्या आधी स्वतःच मान डोलवायचे. रुग्णालयाच्या तळघरातल्या लॅबमध्ये ते सगळ्यांत जुने. रक्तात जंतू आहेत का ते बघायला रक्त बाटलीत घालून उबवायचं. त्यात बाहेरचे जंतू शिरले की सगळा खेळखंडोबा. इतरांकडून असं झालं की मास्तर विचारायचे, "हात धुतले होते, की नुसते पाण्याला दाखवले?"

म्हणून मास्तरांच्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला थंडीताप भरून वॉर्डात आणलं, तेव्हा रक्त काढायला मास्तर जातीने वर गेले. भाऊजी एरवी घर डोक्यावर घेणारे, पण सुई दिसली की गोगलगाय.

पुढच्या दिवशी बाटली गढूळ झाली. मास्तरांनी एक थेंब काचेवर पसरून रंगवला. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे ठिपके, द्राक्षांच्या घोसासारखे.

"हे कातडीवरचे नाहीतर नाकातोंडातले वाटतायत," लॅबच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "रक्त पुन्हा घेऊ या."

"मॅडम, काढलंय कोणी ते बघा."

"तुम्ही काढलंय म्हणून एकदाच विचारते. नक्की?"

"खोटं निघालं तर उद्यापासून फरशी पुसतो."

मॅडमनी त्यांचं काम वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्यांनी ऐकलं. वॉर्डातल्या डॉक्टरांनी रक्त काढायच्या आधीच सुरू केलेलं औषध थांबवून या द्राक्षांवरचं सुरू केलं. ताप हटेना. भाऊजी बरळायला लागले, मग बरळायचेही थांबले. ताईला ओळखेनात.

मॅडम स्वतः वर आल्या. मागोमाग मास्तर. ताई खाटेशी बसून होती.

"रक्त काढताना काही त्रास झाला होता का ह्यांना?" मॅडमनी विचारलं.

"छे हो. आमच्या बाळ्याचा हात किती हलका," ताई म्हणाली. लॅबभर दरारा असलेल्या माणसाला बाळ्या म्हणणारी ती एकटीच. "स्पिरिटचा बोळा फिरवला तर ह्यांनी हात ओढला, झोंबतंय म्हणून. मग बाळ्याने तोंडावरचा मास्क खाली केला आणि लहान पोराला घालतात तशी फुंकर घातली. जागा चांगली वाळेपर्यंत."

मॅडमनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पंख्याकडे.

"मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही ताई. बरं झालं बोललात."

बाहेर आल्यावर मॅडमनी आवाज चढवला नाही. "खरे जंतू आधीच्या औषधाने थोडे दबले होते, ते बाटलीत आलेच नाहीत. आले ते तुमचे. आणि आपण तुमच्यावर इलाज करत बसलो."



रक्त मॅडमनी काढलं. मास्तर दाराशी तोंडावर हात दाबून उभे, श्वास रोखून, शेवटी चक्कर येऊन त्यांनाच स्टुलावर बसवावं लागलं. नर्स म्हणाली, "एकाला सांभाळू की दोघांना?" कोणी हसलं नाही.

या वेळी द्राक्षं नाहीत, लाल काड्यांसारखे जंतू निघाले. आधीचं औषध परत लावलं, पण आता ते पुरत नव्हतं. दुसरं कुठलं चालेल ते फक्त जंतू वाढवायची प्लेट सांगणार होती. मास्तरांनी जंतू प्लेटवर पसरले, वर वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवल्या आणि प्लेट इनक्युबेटरच्या उबदार पेटीत सरकवली, वॉर्डातल्या खिडकीजवळच्या आजोबांच्या प्लेटेशेजारी.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, सकाळी लॅबमध्ये मास्तर एकटेच. प्लेट काढली तर जंतू प्रत्येक चकतीला खेटून वाढलेले. अगदी कडेच्या एका चकतीभोवती मात्र स्वच्छ गोल. त्यांनी मॅडमना फोन लावला.

"गोल मोजलात?"

"दोनदा."

"मग जा वर. पळा."

मास्तर पळाले. त्या चकतीतलं औषध सुरू झालं. मास्तर दिवसभर आणि रात्रभर खाटेशी बसून राहिले. उजाडता उजाडता भाऊजींनी डोळे उघडले आणि विचारलं, "सुया संपल्या का?" ताई इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

मास्तर खाली लॅबमध्ये आले. इनक्युबेटरचं दार काल ते पळाले तेव्हापासून सताड उघडं होतं. आतल्या बाटल्या आणि प्लेटा थंडगार पडल्या होत्या. सगळ्यांचे रिपोर्ट लांबले. खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजोबांचा रिपोर्ट तयार झाला तेव्हा तो घ्यायला त्यांचा मुलगा आला नाही, कारण आजोबा आदल्या दिवशीच गेले होते.