उघडं पिंप

सकाळपासून मी त्या पिंपाशी इतक्या वेळा जाऊन आले की नवऱ्यानं शेवटी हात जोडले. "अगं, बघत राहिल्यानं बिअर आंबते का? पायाला भिंगरी लागल्यासारखी नुसती फिरतेस."

त्याला बोलायला काय जातंय! महिनाअखेरीला टायरवाला खोली बघायला येणार होता आणि त्याला बोलावलं होतं यानंच. तोवर व्हिनेगर नीट लागलं तर खोली माझ्या धंद्याला, नाहीतर टायरच्या गोदामाला, असं आमचं ठरलं होतं. ठरवताना मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणाले होते. आता तोरा उतरला होता आणि जीव टांगणीला लागला होता.

खोली म्हणजे माझ्या सासऱ्यांची, अप्पांची, छोटी ब्रुअरी. अप्पांनी उभा जन्म इथे बिअर केली. मग गुडघ्यांनी संप पुकारला, भट्टी थंड झाली, मोठी भांडी विकली गेली. मागे उरलं एक लाकडी पिंप. त्यात अप्पांच्या हातची शेवटची बिअर होती, काळीभोर आणि दोन घोटांत माणसाला गप्प करणारी. मी स्वयंपाकघरात बरणीभर व्हिनेगर करून बघितलं होतं आणि ते झकास जमलं होतं. म्हणून धीर करून पिंप मागितलं. अप्पांनी पिंपावरून दोनदा हात फिरवला. मग म्हणाले, "घे. तुमचंच आहे सगळं." सासरा असावा तर असा, असं मी गावभर सांगत सुटले.

अशी कडक बिअर विरजणाला झेपत नाही. म्हणून आधी पाणी घालून ती सौम्य केली, मग माझ्या बरणीतलं जिवंत व्हिनेगर तिच्यात विरजण म्हणून ओतलं. पिंप आडवं ठेवलं, आत बरीचशी जागा रिकामी सोडली आणि वरच्या भोकाला बूच न ठोकता नुसतं मलमलीचं फडकं बांधलं. हवेनं बिअर बिघडते, आणि मला ती बिघडायलाच हवी होती. काही दिवसांत वर पातळ साय धरते, झणझणीत वास सुटतो, की समजायचं, लागलं.

पण साय धरेना. वास म्हणाल तर भाजलेल्या धान्याचा, गोडूस, जसा पहिल्या दिवशी होता तसाच. मी पिंपाला घोंगडी गुंडाळली. खिडकीकडून भिंतीकडे ढकललं, भिंतीकडून परत खिडकीकडे. बरणीतलं आणखी विरजण घातलं. पाणी कमी पडलं का, लाकडात काही दोष आहे का, माझाच हात वाईट आहे का? जेवताना घास हातात राहायचा आणि मी उठून जायची. नवरा म्हणायचा, "तान्ह्या पोराची सुद्धा एवढी काळजी कुणी करत नाही." मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एका दुपारी बाटल्या आणायला निघाले आणि पिशवी विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरले. खोलीचं दार उघडंच होतं. अप्पा पिंपापाशी वाकून उभे होते. त्यांनी फडकं सोडून खांद्यावर टाकलं होतं आणि तळहातानं ठोकून भोकात बूच बसवत होते. अगदी घट्ट, निगुतीनं.

"अप्पा!"

ते दचकले. "हात आपोआप जातो गं. उघडं पिंप बघवत नाही मला."

"आपोआप जातो? मग मी येते तेव्हा फडकं जागच्या जागी कसं असतं? तेही आपोआप बांधलं जातं?"

अप्पांनी खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. मी काय काय बोलले! खोली गेली तरी चालेल का, नको होतं तर दिलंत कशाला, तोंडावर नाही म्हणायला काय झालं होतं. ओरडताना माझाच आवाज चिरकला. अप्पा हळूच स्टुलावर बसले.

"नाही म्हणणार होतो. तू इतकी खूश दिसलीस की नाही म्हणवेना," ते म्हणाले. "शेवटची आहे गं ती. यापुढे माझ्या हातून होणार नाही. म्हटलं, राहिली अशीच तर राहू दे."

माझा राग तिथेच ओसरला. पण खोटं बोलवेना. "अप्पा, ती राहिलेली नाही. पाणी घातलंय, विरजण घातलंय. आता ती ना धड बिअर, ना धड व्हिनेगर. बघा चाखून."

मी बूच काढून पळीभर त्यांना दिली. त्यांनी वास घेतला, जिभेवर घोळवली, बराच वेळ गिळली नाही.

"गेली," ते म्हणाले. बिअरचा एखादा घाणा नासला की ते नेहमी हाच शब्द वापरत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला इतकं वाईट वाटलं की टायरवाल्यानं त्याच क्षणी खोली नेली असती तरी मी चकार शब्द काढला नसता.

मग अप्पांनी डोळे पुसले, फडकं झटकलं आणि स्वतःच्या हातानं भोकावर बांधलं. गाठ मी बांधायची तशीच, सैलसर. दुसऱ्या दिवसापासून स्टूल तिथेच राहिलं. आता फिरणारे आम्ही दोघं झालो. मी आत जायची तर अप्पा बाहेर येत असायचे, आणि दोघंही एकमेकांना म्हणायचो, "सहज गेले होते," "सहज गेलो होतो."

महिनाअखेरीला टायरवाला आला. मला अजून व्हिनेगर लागल्याची खात्री नव्हती. रोज नाक खुपसून माझं नाक मेलं होतं आणि अप्पा विचारलं की नुसते "हं" म्हणत होते. नवरा त्याला आत घेऊन आला. तो उंबऱ्यातच थबकला, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "काहीतरी आंबलंय हो इथे. काय भपकारा मारतोय!"

ब्रुअरीत उभं राहून अप्पांना कुणी हे म्हटलं असतं, तर पूर्वी त्यांनी ते आयुष्यभर मनात ठेवलं असतं. मी भीतभीतच त्यांच्याकडे बघितलं. अप्पा गुडघ्यावर हात रेटून उठले.

"आंबणारच," ते म्हणाले. "आमचं व्हिनेगर आहे ते. खोली रिकामी नाही."

नवरा काही बोलायला गेला. "तू गप रे," अप्पा म्हणाले, आणि टायरवाल्याला दारापर्यंत सोडायला निघाले.