कळलावीचं दुसरं बोट

२०१६ साली मी चिकलठाण्याच्या एका टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला होते. दौलताबादच्या डोंगरावर उरलेली कळलावीची शेवटची वेल सोनाजी धनगरानं कंदासकट तिथं आणून दिली. तिचा कंद दोन बोटांसारखा असतो. औषधाला एक बोट मोडायचं आणि दुसरं मातीत ठेवायचं, ही धनगरांची रीत.

“एक बोट माघारी पुरतो, बाई,” तो म्हणाला.

“दोन्ही ठेवा. बाटलीत हजार रोपं करून देते,” लॅब सांभाळणाऱ्या दिपाली मॅडम म्हणाल्या.

आठवड्यात दोन्ही तुकड्यांवर बुरशी चढली. मीच ते उकळून फेकले. सोनाजी चौकशीला आला, तेव्हा मॅडमनी केळीच्या इवल्या रोपांची बाटली त्याच्या हातात दिली.

“घ्या, तुमच्या कळलावीची लेक.”

तो त्या बाटलीशी बोलत बसला. आत सगळे हसले, मीही हसले.

पावसाळ्यात त्यानं ती रोपं डोंगरावर लावली. दिवाळीला परत आला.

“मावशी, ही तर केळ हाय,” एवढंच मला म्हणाला.

मॅडम आता वाळूजला मोठ्या लॅबच्या प्रमुख आहेत. सोनाजी तीन वर्षांनी गेला. शेवटपर्यंत कळलावीच्या कंदासाठी डोंगर उकरत होता म्हणे. मी घरी असते. केळ पहिल्याच उन्हाळ्यात वाळली.