पाटीमागची दीपमाळ

माझं अक्षर चांगलं आहे आणि जीभ वाईट. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवताना दोन्हींचं कौतुक झालं. त्यामुळे निवृत्तीनंतर कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीचा सचिव झालो, तेव्हा पाट्या लिहायचं काम मी दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

पार्किंगच्या कडेला रंगनाथरावांनी दीपमाळ नावाची झाडं लावली होती. आमच्या सोसायटीत राहणाऱ्या, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या अभिनवचे हे वडील, यवतमाळकडचे. पुरुषभर उंच दांडे आणि त्यांवर थराथराने काटेरी गोळे. वारा आला की पडू नयेत म्हणून त्यांनी प्रत्येक दांडा जुन्या नाडीने काठीला बांधला होता. नारिंगी फुलं होती तोवर कुणाची हरकत नव्हती. पुढे फुलं गळाली, गोळे तपकिरी पडू लागले, तरी झाडं निघेनात. दिवाळीनंतर रंगनाथरावच अचानक गेले. मी भेटायला गेलो, त्यांच्या पत्नी मुक्ताई यांच्यासमोर दहा मिनिटं बसलो आणि परत आपल्या उद्योगाला लागलो.

माझी बायको हेमा तेव्हा लेकीच्या, तनयाच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत होती. ती इथे असती तर तिने माझा हात धरला असता.

डिसेंबरात सोसायटीची सभा होती. आदल्या दिवशी मी पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘येथे मेलेली झाडे पाळली जातात. मालकांचा शोक आवरला असल्यास त्यांनी विल्हेवाट लावावी.’ आणि तो दीपमाळेसमोर टांगला. झाडं कुणाची हे मला ठाऊक होतं. पण वाक्य सुचलं की मला माणूस दिसत नाही, हे माझं जुनं दुखणं.

सभेत सगळे हसले. तळमजल्यावरच्या तेजसने फोटो काढून ई-मेलवर टाकला. आठवड्याभरात ती पाटी कुठल्या कुठल्या ऑफिसांत पोचली म्हणे. मी वरवर संकोच दाखवला, मनातून मात्र फुलून गेलो होतो.

सभेनंतरच्या रविवारी सकाळी मुक्ताई दारात उभ्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला भारा, दांडे अजून खालून हिरवे.

“कापून टाकलं जी, सर,” त्या म्हणाल्या. “हेमाताईसाठी पेरलं होतं आमच्या यायनं. ताईनं जायच्या आधी वाळल्या गोळ्यायचा गुच्छ मांगितला होता ना. अजून वाळाचं होतं, पन तुमाले अडचण होत होती.”

बी धरलं होतं का, असं मी विचारलं. सगळं कच्चंच निघालं होतं. गावाहून आणलेलं बी तेवढंच होतं, असंही त्यांनी सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात नव्हे. मी भारा हातात घेतला, माफी न मागताच. बसा म्हणायचंही सुचलं नाही. माझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्या गेल्यावर खाली जाऊन मी पाटी काढली आणि फाडली. मागे नुसते खुंट आणि नाड्या लोंबणाऱ्या काठ्या उरल्या होत्या.

संध्याकाळी कॉम्प्युटर लावला, तर तनयाचं पत्र आलेलं. इंग्रजी अक्षरांत मराठी.

“बाबा, तुमची पाटी फिरत फिरत इथे आली. आईने अक्षर लगेच ओळखलं. खूप हसली, मग फोटो मोठा करून बघितला. मागे रंगनाथकाकांची दीपमाळ आहे ना? आई म्हणते, काकांना सांगा, मी येईपर्यंत कापू नका.”

रंगनाथराव गेल्याचं मी हेमाला कळवलंच नव्हतं.