मला हात लावू न दिलेली इंजिनिअर

मित्रांनो, माझ्या मालकाचं वागणं मला मुळीच पटत नाही. ज्या हाताने तो रोज मला तेल घालतो, त्याच हाताने स्वतःच्या मुलीला माझ्यापासून लांब ढकलतो. घरात इंजिनिअर झालेली पोर, आणि तिला यंत्राला शिवायची बंदी! याला काय म्हणावं?

मी एक जुनी लेथ आहे. माझ्या चकच्या जबड्यात जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, धरून फिरवायचा आणि हत्यार लावून त्याला हवा तो आकार द्यायचा, हे माझं काम. मला लिहिता-वाचता येत नाही. अंगावर कोरलेले आकडे, तेवढीच काय ती माझी शाळा. भट्टीतल्या वितळलेल्या लोखंडातून माझा जन्म झाला. पुढे एका कारखान्यात मी वर्षानुवर्षं राबले. तो बंद पडला तेव्हा हा मालक, नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा, मला ट्रकवर घालून घरामागच्या या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन आला. पंपांचे बुश, गिरण्यांचे दांडे, काय काय नाही केलं आम्ही! गावातली कितीतरी पोरं मालकाच्या हाताखाली माझ्यावरच काम शिकली. गिऱ्हाईक तोंड भरून कौतुक करायचं. करणारच, काम तसं होतं! आता संगणकावर चालणारी यंत्रं आली. मालकीणबाई माझ्या अंगावर रिकामे डबे ठेवतात. तेही मी सोसलं.

पोरीचे हाल मात्र सोसवत नाहीत. मागच्या दोन्ही मुलाखतींत तिला विचारलं, "स्वतः मशीन चालवली आहे का?" बाबांनी शिकवल्याप्रमाणे ती "हो" म्हणाली. "मग कापताना आवाज बदलला तर काय समजायचं?" झालं, तिने पुस्तकातली व्याख्या म्हणून दाखवली. एक साहेब हसून म्हणाले, "पुस्तकात आवाज येत नाही, नाही का?" त्या दिवशी पोर जेवली नाही.

उद्या तिसरी मुलाखत आहे. आज दुपारी मालक शेडच्या दारात खुर्ची टाकून साहेब होऊन बसला.

"तुमच्यातला एखादा दोष सांगा."

"मला प्रत्येक काम अगदी नीटनेटकं लागतं."

"आधी तिची खोली बघा म्हणावं साहेबांना!" मालकीणबाई आतून म्हणाल्या.

पोर हसली नाही. "बाबा, हे सगळं पाठ आहे. हिच्यावर एक तरी जॉब काढू द्या ना मला."

"उद्या काळी नखं घेऊन जाणार आहेस का तिथे? तुला खुर्चीवर बसायचंय. चल, लेथवर काय काळजी घ्यावी?"

"जॉब चकमध्ये घट्ट बसवल्यावर चकची चावी काढून घ्यावी. मगच मशीन सुरू करावी."

"शाब्बास!"

तेवढ्यात फाटकाशी गिऱ्हाईक आलं आणि मालक उठून गेला. पोर धावत माझ्याकडे आली. डबे खाली ठेवले, दांडा चकमध्ये धरला, चावीने आवळला आणि बटण दाबलं. चावी तशीच चकमध्ये! मी ओरडणार कशी, मित्रांनो? गरकन फिरले. चावी सुटली, तिच्या कानाजवळून गेली आणि पत्र्याला खड्डा पाडून खाली पडली.

मालक धावत आला. आधी तिचं डोकं चाचपलं, हात उलटेपालटे करून पाहिले, आणि मग भडकला. "आत्ताच धडाधड म्हणून दाखवलंस ना!"

"तोंडाला पाठ आहे, बाबा. हाताला कुठे आहे?"

त्याने मेन स्विच बंद केला. "जाऊ दे. उद्या विचारलं तर चालवलीय म्हण."

"नाही म्हणणार. एकदाच चालवली आणि चावी काढायला विसरले, असं सांगणार."

"असं सांगितल्यावर घेतील तुला?"

"नाही घेतलं तर नाही घेतलं." ती आत निघून गेली.

मित्रांनो, यंत्राला जरूर जपा. तेल घाला, धूळ पुसा, चुकूनही चावी आत ठेवू नका. पण घरातल्या मुलांना यंत्रापासून लांब ठेवलं की त्यांना जपलं, असं समजू नका. ती मुलं उद्या परक्यांसमोर एकटी उभी राहतात.

मालक चावी पुसत उभा होता. मला राहवलं नाही. मनातल्या मनात ओरडून म्हटलं, "अरे शहाण्या, परक्यांच्या पोरांना तू कान धरून शिकवलंस, पोटाला लावलंस. पोटच्या पोरीला मात्र नुसते प्रश्न विचारत बसलास. उद्या ती नापास झाली, तर नापास तू! लाव तो स्विच आणि हाक मार तिला."