अक्षतेत रुतलेली लेन्स

शेवटच्या मंगलाष्टकाला लेन्स अडकली.

मनूने फोकसची रिंग डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. ढिम्म. अक्षतेचा एक दाणा, कुंकवासकट, रिंगखाली रुतला होता. लेन्स बाबांच्या रिळाच्या कॅमेऱ्याची. ॲडॅप्टर लावून डिजिटलवर बसवलेली. आपोआप फोकस वगैरे लाड तिला ठाऊक नव्हते. सगळं हाताने. आणि आता हातानेही नाही.

“हार घालतानाचा फोटो बाबांच्याच लेन्सने हवा,” असं त्याच्या बहिणीने, अपेक्षाने, बजावलं होतं. त्या भरात मनूने ठरलेला फोटोग्राफर रद्द केला होता. दुसरी लेन्स लालबागला घरी कपाटात, अगदी सुखरूप होती.

गिरगावातल्या त्या हॉलमध्ये उजेड यथातथाच, म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड घेणारं भोक, सताड उघडं. त्यामुळे वीतभर जागेत काय ते स्पष्ट, बाकी जग धुक्यात. सध्या त्या वीतभर जागेत भटजींचा कान होता.

फोकस हलणार नव्हता, तेव्हा मनूच जरा मागे सरकला. कान गेला, अंतरपाट आला. स्क्रीनवर त्याच्या काठाला, फोकस कुठे आहे ते दाखवणाऱ्या लाल रेघा चमकल्या.

“आता कोणी हलू नका,” तो पुटपुटला. लग्नात.

अंतरपाट सरला. अपेक्षाने हार उचलला आणि मित्रांनी नवरदेवाला, यशोधनला, उचललं. लगेच दौलतमामांनी अपेक्षाला उचललं. लाल रेघा मामांच्या टकलावर.

“मामा, पुढे या!”

“मेल्या, माझी कंबर चाललीय! तूच वर ये!”

मनूने मागे पाहिलं. वैशालीआत्या. एकेकाळची कबड्डीपटू.

“आत्या, उचल मला.”

“काय?”

“उचल गं!”

आत्याने पदर खोचला. मनू अधांतरी झाला.

“पुढे... थोडं मागे... श्वास घेऊ नकोस!”

“मग काय मरू?”

टक्कल गेलं. हार आला. मग अपेक्षाचे डोळे. यशोधन मात्र वीतभर पलीकडे. दोघांपैकी एकच मिळणार होतं, आणि हार गळ्यात पडत होता. मनूने बटण दाबलं.

यशोधनच्या आई, मृणालिनीबाई, टाचा उंचावून स्क्रीन बघायला आल्या.

“छान. पण आमचा यशू कुठाय?”

“हा काय. नथीच्या मागे.”

बाईंनी चष्मा पुसला. काही फरक पडला नाही.

अपेक्षाने कॅमेरा ओढून घेतला. आपण रडलो होतो हे तिला आत्ता कळत होतं. पापणीवरचं पाणीसुद्धा लख्ख दिसत होतं.

“मोठा करून दे,” ती म्हणाली. “आणि आत्याला सांग, आता सोड म्हणावं तुला.”