जोडीतला राहिलेला तंबोरा

मिरज स्टेशनावर उतरलेली एक बाई, अनवाणी.

भोपळ्याला गेलेला वीतभर तडा.

अंगणात उडालेली कोंबड्याची पिसे.

न घेताच पुढे सरकवलेले ताट.

बारा गायने. तीच बारा.

मी एक जुना तंबोरा आहे. मित्रांनो, खरे सांगायचे तर मी अर्धाच आहे. मिरजेच्या कारागिराने आम्हाला जोडीने घडवले. एकाच वेलाचे दोन भोपळे, एकाच ओंडक्याच्या दोन दांड्या. केरबांनी आम्हाला घरी आणले. मिरजेजवळच्या वस्तीत एक छोटे चर्च होते, तिथे उपासनेचे गायन केरबा सांभाळत. त्यांची थोरली मुलगी रंगुबाई मला घेऊन बसे, धाकटी विजयमाला माझ्या भावाला. दोघींनी सूर लावला की मागच्या जाजमावरची पोरेही गप्प होत. पाहुणे आम्हा चौघांचे कौतुक करत.

१९४० साली विजयमाला एका नाटक कंपनीबरोबर निघून गेली. जाताना माझ्या भावाला घेऊन गेली.

आमच्या चर्चची एक रीत होती. प्रभुभोजनाच्या, म्हणजे सगळ्यांनी एका ताटातली भाकरी मोडून घेण्याच्या विधीच्या, आदल्या दिवशी, शनिवारी, तयारीची सभा भरे. कुणाचा कुणावर राग असेल तर त्याने तो तिथे मिटवावा. मिटला नाही, तर रविवारी भाकरीला हात लावू नये. बरेच जण वरवर हो म्हणून मोकळे होत. रंगुबाईला ते जमत नसे. बहिणीवरचा राग मिटेना, म्हणून सहा वर्षे तिने भाकरीचे ताट शेजारणीकडे सरकवले. गायने मात्र ती म्हणत राहिली, आणि मी वाजत राहिलो. पाळकांनी समजावले. केरबा एकदाच बोलले, "देवळात ऱ्हाऊन बी माणूस लांब जातंय, रंगू."

कंपनी बुडाली आणि १९४६ साली विजयमाला परत आली. तिच्या काखेत माझा भाऊ होता. भोपळा तडकलेला, दोन तारा तुटलेल्या, तारांखालच्या घोडीवर दोऱ्याचा मागमूस नाही. केरबा काठी न घेताच अंगणात धावले.

"रंगू, आली गं ती! कोंबडं धर!"

रंगुबाई दारातून हलली नाही. "सा वर्सं भाकरी मी थापल्या. आन् कोंबडं हिला व्हय?"

"तू कवा मागितलंस?"

"मागावं लागतंय व्हय, आबा?"

केरबा स्वतःच कोंबड्यामागे धावले आणि पडता पडता वाचले. विजयमालेला हसू फुटले, मग रडू.

माझ्या तक्रारी, आठवतील तशा:

त्याचा तडा लाखेने बुजवला, तुटलेल्या तारा बदलल्या. माझ्या दांडीला वाळवी लागली होती, ती कुणी पाहिली नाही.

त्याला भिंतीवरच्या माझ्या खुंटीवर टांगले. मला पेटाऱ्यावर आडवे ठेवले.

त्याने पडदे, दिवे, टाळ्या पाहिल्या. मी चर्चमधली तीच बारा गायने वाजवली.

केरबांनी आधी त्याच्यावरून हात फिरवला.

मला वाटले, तो फुटूनच यायला हवा होता. मित्रांनो, हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा असेच वाटले.

पुढच्या शनिवारी सभेआधी विजयमाला त्याला जुळवायला बसली. तंबोऱ्याच्या प्रत्येक तारेखाली, घोडीवर, दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवावा लागतो. तो नेमक्या जागी बसला तरच सूर उमलतो. दोरा नसल्यामुळे माझा भाऊ बद्द बोलत होता. मला बरे वाटले.

"अक्का, दोरा हाय का गं?" आल्यापासून ती बहिणीशी पहिल्यांदाच बोलली.

"न्हाई," रंगुबाई म्हणाली.

तिच्या मांडीशी शिवणाचा डबा उघडा होता. आत पाच रंगांचे दोरे होते. विजयमालेने डब्याकडे पाहिले, मग खाली मान घातली. रंगुबाईचे तोंड लाल झाले. तासाभरात तिला सभेत बसायचे होते, आणि आत्ताच ती दोऱ्यासाठी खोटे बोलली होती. आता डब्यातला दोरा द्यायचा, तर खोटे कबूल करावे लागणार होते.

तिने मला मांडीवर ओढले. माझ्या तारांखालचे चारही दोरे काढले आणि पीळ उलगडून प्रत्येकाचे दोन पदर केले.

माझे दोरे! मी ओरडलो असतो, पण दोऱ्याशिवाय मलाही आवाज नव्हता.

"अगं अक्का, ह्याचंच काढलंस?"

"डब्यात हायत. मगाशी खोटं बोलले मी." रंगुबाईने चार पदर तिच्या तळहातावर ठेवले. "पर जोडीला एकाच पिळाचं पायजेत. हसू नगंस, लाव."

उरलेले चार तिने माझ्या तारांखाली सरकवले. पदर बारीक होता. माझा आवाज पूर्वीइतका भरला नाही, त्याचाही नाही. पण विजयमालेने त्याची तार छेडली, तेव्हा मला कुणी हात लावला नव्हता आणि तरी माझी तार थरथरली. मी त्या तारेला थांबवू पाहिले. ती थांबली नाही.

रविवारी ताट आले. रंगुबाईने भाकरीचा तुकडा मोडला, धाकटीच्या हातावर ठेवला, मग स्वतः घेतला. केरबा पुढचे गायन विसरले.

हेवा माझ्यातून पुरता गेलेला नाही. मला रोज जुळवावे लागते, तसा तोही रोज उतरवावा लागतो. मित्रांनो, तुमच्या घरी जुने वाद्य असेल तर त्याला ओलीत ठेवू नका, तारा सैल करून ठेवा. आणि परत आलेल्याची लाख भरताना, घरी राहिलेल्याच्या दांडीवरूनही एकदा हात फिरवा.

१९४० साली कंपनीचे मालक अंगणात आले होते, तेव्हा त्यांनी आधी रंगुबाईला विचारले होते, येतेस का म्हणून.